प्लिमथ पटक्सेट संग्रहालये

प्लिमथ पटक्सेट संग्रहालये हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसेच्युसेट्स राज्यात, प्लिमथ या किनारी शहरात असलेले जिवंत इतिहास संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९४७ मध्ये हेन्री हॉर्नब्लोअर दुसरे यांनी केली. २०२० पर्यंत ते ‘प्लिमथ प्लँटेशन’ या नावाने ओळखले जात होते. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्लिश वसाहतकारांचे गाव आणि त्याच भूमीवर त्यांच्या आधीपासून राहणाऱ्या वाम्पानोआग लोकांची वस्ती अशा दोन वस्त्या येथे उभारल्या आहेत. त्यांखेरीज ‘मेफ्लॉवर २’ हे जहाज, एक पाणचक्की आणि हस्तकला केंद्र हे संग्रहालयाचे भाग आहेत. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते आणि स्मिथसोनियन संस्थेशी संलग्न आहे.

जिवंत इतिहास संग्रहालयात वस्तू काचेच्या कपाटात ठेवलेल्या नसतात. जुन्या पद्धतीची घरे, शेते, अवजारे आणि जनावरे यांच्यामध्ये माणसे प्रत्यक्ष कामे करीत असतात आणि पाहुणा त्यांच्यात वावरतो. या प्रकाराचे मूळ बहुधा १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे आर्तुर हाझेलियस यांनी सुरू केलेल्या ‘स्कानसेन’ या खुल्या संग्रहालयात शोधले जाते. अमेरिकेत व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. प्लिमथचे संग्रहालय आकाराने त्याहून बरेच लहान असले, तरी भूतकाळातील व्यक्तीची भूमिका घेऊन पाहुण्यांशी बोलण्याची पद्धत तेथे जितक्या काटेकोरपणे पाळली गेली, तितकी इतरत्र क्वचितच पाळली गेली.

नाव

‘प्लिमथ’ हे नाव शहर आणि संग्रहालय इंग्रजीत वेगवेगळ्या रीतीने लिहितात. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने आपल्या हस्तलिखित इतिहासात वापरलेले जुने स्पेलिंग संग्रहालयाने स्वीकारले. देवनागरीत हा फरक दिसत नाही. ‘प्लँटेशन’ या शब्दाचा सतराव्या शतकातील अर्थ ‘नव्याने वसवलेली वसाहत’ असा होता. पुढे त्याला गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांचा अर्थ चिकटल्याने अनेक पाहुण्यांचा गोंधळ होत असे.

‘पटक्सेट’ हे त्याच जागेचे वाम्पानोआग नाव. मेफ्लॉवरच्या आगमनाला ४०० वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, संग्रहालयाने ‘प्लँटेशन’ हा शब्द वगळून ‘पटक्सेट’ जोडला. त्यामुळे एकाच गावाची दोन नावे आता फलकावर शेजारी शेजारी आली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पटक्सेट हे वाम्पानोआगांचे किनाऱ्यालगतचे गाव होते. १६१४ मध्ये टॉमस हंट या इंग्लिश कप्तानाने तेथील सुमारे वीस जणांना फसवून जहाजावर नेले आणि स्पेनमध्ये विकायला काढले. त्यांत टिस्क्वांटम होता. इंग्लिश इतिहासात तो ‘स्क्वांटो’ या नावाने ओळखला जातो. तो स्पेनमधून इंग्लंडला पोहोचला, तेथे भाषा शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या गावात कोणीही उरले नव्हते. १६१६ ते १६१९ या काळात किनाऱ्यावर पसरलेल्या साथीने गावेच्या गावे ओस पडली होती. ही साथ कोणत्या रोगाची होती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ती युरोपीय जहाजांबरोबर आली असावी, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

डिसेंबर १६२० मध्ये मेफ्लॉवरचे प्रवासी याच रिकाम्या गावाच्या जागी उतरले. जहाजात १०२ प्रवासी होते. त्यांतील काही इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून आधी हॉलंडमध्ये राहिलेले धर्मनिष्ठ लोक होते, तर बाकीचे उपजीविकेच्या शोधात आलेले. जागा निवडण्याचे एक कारण असे की जंगल आधीच साफ केलेले होते आणि शेते तयार होती. ती कोणी तयार केली होती, हे वसाहतकारांना ठाऊक होते. पहिल्या हिवाळ्यात उपासमार आणि आजाराने जवळपास निम्मे लोक मेले. मार्च १६२१ मध्ये वाम्पानोआग प्रमुख उसामेक्विन, ज्याला वसाहतकार ‘मॅसासॉइट’ या त्याच्या पदवीने ओळखत, याने त्यांच्याशी तह केला. साथीत त्याची माणसे मोठ्या संख्येने मेली होती आणि शेजारच्या नॅरागान्सेट लोकांचे बळ शाबूत होते. तह करण्यात त्याचेही राजकारण होते.

हा तह पन्नासहून अधिक वर्षे टिकला. १६७५ मध्ये उसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम, ज्याला इंग्लिश ‘किंग फिलिप’ म्हणत, याच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. ते १६७६ मध्ये मेटाकॉमच्या मृत्यूनंतर दक्षिण न्यू इंग्लंडमध्ये संपले. पराभूत वाम्पानोआगांपैकी अनेकांना गुलाम म्हणून वेस्ट इंडीजमध्ये विकण्यात आले. संग्रहालयातील दोन्ही वस्त्या या युद्धाच्या आधीच्या काळात थांबलेल्या आहेत.

स्थापना आणि स्वरूपातील बदल

हेन्री हॉर्नब्लोअर हे बॉस्टनमधील शेअर दलाल होते आणि पुरातत्त्व हा त्यांचा तरुणपणापासूनचा छंद होता. प्लिमथ परिसरातील जुन्या घरांच्या जागी त्यांनी स्वतः उत्खनन केले होते. संग्रहालयाची पहिली घरे शहराच्या बंदरालगत उभी राहिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेस सुमारे पाच किलोमीटरवर, ईल नदीच्या काठी, हॉर्नब्लोअर कुटुंबाच्या जमिनीवर पूर्ण गाव उभारण्याचे काम सुरू झाले. त्यामुळे आजचे गाव मूळ वसाहतीच्या जागेवर नाही. मूळ जागा आधुनिक प्लिमथ शहराच्या रस्त्यांखाली आहे.

सुरुवातीचे संग्रहालय आजच्यापेक्षा पुष्कळच वेगळे होते. घरांत जुन्या मौल्यवान वस्तू मांडलेल्या असत, काही ठिकाणी पुतळे होते आणि पोशाख घातलेले मार्गदर्शक पाहुण्यांना माहिती सांगत. पुरातत्त्वज्ञ जेम्स डीट्झ १९६७ मध्ये येथे आले आणि त्यांनी ही मांडणी मोडली. मूळ वस्तू, दोऱ्या आणि फलक हलवण्यात आले व त्यांच्या जागी हुबेहूब बनवलेली भांडी, अवजारे आणि फर्निचर आले. प्रतिकृती हाताळता येते, तिच्यात स्वयंपाक करता येतो, ती फुटली तर दुसरी करता येते. जुन्या काळाचा खरा पुरावा थोरामोठ्यांच्या जपून ठेवलेल्या वस्तूंपेक्षा कचऱ्याच्या खड्ड्यात, खापरांत आणि मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्यांत सापडतो, असे डीट्झ यांचे मत होते. १९७७ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या पुस्तकाने ते पुढे अमेरिकन पुरातत्त्वविद्येत सर्वपरिचित केले.

या संशोधनाने यात्रेकरूंचे लोकप्रिय चित्रही बदलले. काळे कपडे, बुटांवर आणि टोप्यांवर चकचकीत बकल हे चित्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांची देणगी आहे. वसाहतकारांच्या मालमत्तेच्या याद्यांत तांबडे, निळे, हिरवे, जांभळे कपडे नोंदलेले आढळतात आणि गावातील माणसे आज तसेच कपडे घालतात. ओंडक्यांच्या झोपड्यांचेही तसेच आहे. इंग्लिश वसाहतकारांना ती बांधणीच माहीत नव्हती. गावात लाकडी चौकटीवर उभी केलेली, फळ्या ठोकलेली घरे आहेत.

१६२७ हेच वर्ष

इंग्लिश गाव अनेक दशके १६२७ या एकाच वर्षात उभे ठेवण्यात आले. ही निवड कागदपत्रांमुळे झाली. त्या वर्षी वसाहतीच्या सामाईक गुरांची वाटणी करण्यात आली. त्यासाठी सर्व रहिवाशांचे प्रत्येकी १३ जणांचे १२ गट पाडले गेले आणि प्रत्येकाचे नाव लिहिले गेले. तान्ही मुलेही या यादीत आहेत. एका विशिष्ट दिवशी गावात नेमके कोण राहत होते हे सांगणारी अशी यादी या वसाहतीच्या सुरुवातीच्या काळासाठी अनमोल आहे. एका गाईत अनेकांचा वाटा होता, ही गोष्ट त्या वेळच्या तंगीबद्दलही पुष्कळ सांगते. याच सुमारास वसाहतीने लंडनच्या गुंतवणूकदारांचे हक्क १,८०० पौंडांना विकत घेण्याचे मान्य केले होते. ते कर्ज बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून फेडायचे होते आणि ते फेडताना वसाहतीच्या पुढाऱ्यांची दमछाक झाली.

दुसरा आधार डच अधिकारी आयझॅक द रासिएर याच्या पत्राचा. १६२७ मध्ये त्याने प्लिमथला भेट दिली आणि गावाची रचना लिहून ठेवली. टेकडीवरून खाली उतरणारा रुंद रस्ता, त्याला छेदणारा दुसरा रस्ता, चौकात गव्हर्नरचे घर, टेकडीच्या माथ्यावर सपाट छपराची चौकोनी इमारत, तिच्यावर सहा तोफा आणि खालच्या मजल्यावर प्रार्थनेची जागा, असे त्याचे वर्णन आहे. आजचे गाव याच पत्रावरून आखलेले आहे. पुढे गुरे वाढली, जमिनीच्या शोधात लोक डक्सबरीसारख्या ठिकाणी पांगले आणि एका तटबंदीआड राहणारे गाव राहिले नाही.

इंग्लिश गाव

पाहुणा गावात बहुधा टेकडीवरील गढीच्या बाजूने शिरतो. गढीच्या वरच्या मजल्यावरून लाकडी खांबांची तटबंदी, उतारावरील दोन ओळींतील घरे, परसबागा आणि पलीकडे समुद्र दिसतो. घरे बहुतेक एकखणी, मातीच्या जमिनीची. वर माळा, काहींना मागे पडवी. भिंतींत कूड घालून मातीने लिंपलेले, बाहेरून फळ्या, छपरे गवताने शाकारलेली. १६२१ च्या जानेवारीत वसाहतीच्या सामाईक घराच्या छपरानेच पेट घेतला होता, आणि पुढे १६२७–२८ च्या हिवाळ्यात नव्या घरांना गवताचे छप्पर घालू नये असा ठराव वसाहतीने केला. संग्रहालयाच्या गावात छपरे गवताचीच आहेत, कारण ते गाव त्या ठरावाच्या अलीकडे थांबलेले आहे.

घरांची दारे उघडी असतात. पाहुण्याने आत जावे, बाकावर बसावे, चुलीवरच्या भांड्यात काय शिजते आहे ते विचारावे, अशी अपेक्षा असते. आत धूर असतो आणि उजेड कमी असतो. बागेत भाज्यांबरोबर औषधी वनस्पती लावलेल्या असतात. शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या आणि गुरे जुन्या जातींची आहेत. यांतील काही जाती आता दुर्मीळ झाल्या असून संग्रहालय त्यांच्या जतनाचेही काम करते.

पात्ररूप निवेदन

१९७० च्या दशकाच्या अखेरीस गावात नवी पद्धत रुजली. कर्मचारी ‘त्या काळी लोक असे करीत’ असे न सांगता स्वतः त्या काळातील व्यक्ती म्हणून बोलू लागले. प्रत्येकाला वसाहतीतील एका खऱ्या व्यक्तीची भूमिका दिली जाते. त्या व्यक्तीचे वय, गाव, नातेवाईक, धर्ममत, देणी-घेणी हे सर्व अभ्यासावे लागते. इतकेच नव्हे, तर ती इंग्लंडच्या ज्या भागातून आली त्या भागाची सतराव्या शतकातील बोली बोलावी लागते. एकाच गल्लीत दोन घरांतील उच्चार वेगळे ऐकू येतात ते यामुळे.

या व्यक्तींना १६२७ नंतरचे काहीही ठाऊक नसते. त्यांचा राजा पहिला चार्ल्स, जो दोनच वर्षांपूर्वी गादीवर आला. अमेरिकन स्वातंत्र्य, जॉर्ज वॉशिंग्टन किंवा छायाचित्र यांविषयी विचारले तर त्यांना प्रश्नच कळत नाही. उलट ते पाहुण्याचा देश कोणता, धर्म कोणता, बायका पुरुषांचे कपडे का घालतात असे प्रश्न विचारतात. धर्म, मुलांना मारणे, स्त्रीचे स्थान किंवा शेजारचे वाम्पानोआग यांविषयी त्यांची मते त्या काळचीच असतात आणि ती सौम्य केलेली नसतात. शालेय मुले गमतीने आलेली असली, तरी एखाद्या प्रेमळ दिसणाऱ्या बाईच्या तोंडून अशी मते ऐकताना गप्प होतात.

या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच आहे. जो स्वतः १६२७ मध्ये आहे, तो १६७५ चे युद्ध सांगू शकत नाही. पाहुण्याने विचारले तरी त्याला उत्तर देता येत नाही. वसाहतीचा परिणाम काय झाला, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इंग्लिश गावात विचारताच येत नाही. त्यासाठी शेजारच्या वस्तीत जावे लागते.

पटक्सेट वस्ती

वाम्पानोआग वस्तीचा उपक्रम १९७३ मध्ये सुरू झाला. ईल नदीच्या काठी असलेल्या या भागाला पूर्वी ‘वाम्पानोआग वस्ती’ म्हणत, नव्या नावानंतर तो ‘ऐतिहासिक पटक्सेट वस्ती’ झाला. येथे काम करणारे कर्मचारी वाम्पानोआग किंवा अन्य मूलनिवासी समाजांतील असावेत, असे धोरण राहिले आहे. ते कोणाचीही भूमिका करीत नाहीत. हरणाच्या कातड्याचे पारंपरिक कपडे घालून ते आजचे माणूस म्हणून, आजच्या इंग्रजीत बोलतात. सतराव्या शतकातील पूर्वजांविषयी बोलताना ते ‘आमचे पूर्वज’ म्हणतात आणि त्यापुढे युद्ध, गुलामगिरी, जमिनींचे हस्तांतर, भाषेचा ऱ्हास आणि सध्याची स्थिती हेही सांगतात. त्यांच्या कपड्यांना ‘वेश’ म्हणू नये, अशी विनंती पाहुण्यांना केली जाते.

हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. इंग्लिश गावातील माणसे मेलेली आहेत आणि अभिनेते त्यांना बोलते करतात. वाम्पानोआग मात्र नाहीसे झालेले नाहीत. त्यांनीही १६२७ ची भूमिका केली असती, तर ते भूतकाळातच उरले आहेत असा समज आणखी घट्ट झाला असता. मॅशपी आणि अक्विना या दोन वाम्पानोआग समाजांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता आहे. अक्विनाला १९८७ मध्ये आणि मॅशपीला २००७ मध्ये ती मिळाली.

वस्तीत वेटू म्हणजे लवचीक खोडे वाकवून, त्यांवर झाडाची साल किंवा लव्हाळ्याच्या चटया घालून केलेली घरे आहेत. सालीचे लांबोडके घर हिवाळ्यासाठी आणि चटयांचे लहान घर उन्हाळ्यासाठी, जे उचलून नेता येते. जवळच मिशून, म्हणजे एकाच खोडाची होडी, तयार होत असते. खोडाचा गाभा हळूहळू जाळायचा आणि जळलेला भाग खरवडून काढायचा, असे हे काम अनेक दिवस चालते. शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. मक्याचा आधार घेवड्याला मिळतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात आणि घेवडा तिला नत्र देतो. मक्याला खत म्हणून मासे पुरण्याची पद्धत टिस्क्वांटमनेच वसाहतकारांना शिकवली, असे ब्रॅडफर्डने लिहून ठेवले आहे.

मेफ्लॉवर २ आणि पाणचक्की

मूळ मेफ्लॉवरचा आराखडा उपलब्ध नाही. ते सुमारे १८० टन क्षमतेचे जहाज होते, ही ब्रॅडफर्डची नोंद आणि त्या काळच्या जहाजबांधणीचे ज्ञान यांवरून नौशिल्पज्ञ विल्यम बेकर यांनी नवा आराखडा केला. जहाज इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील ब्रिक्सम येथे बांधले गेले आणि १९५६ मध्ये पाण्यात उतरले. १९५७ मध्ये ॲलन व्हिलियर्स यांच्या कप्तानीखाली ते शिडांवर अटलांटिक ओलांडून प्लिमथला पोहोचले. २०१६ ते २०२० या काळात कनेक्टिकटमधील मिस्टिक सीपोर्ट येथे त्याची मोठी दुरुस्ती झाली. ते शहराच्या बंदरात, प्लिमथ खडकाजवळ नांगरलेले असते. शहरातील टाउन ब्रुक या ओढ्यावरील पाणचक्की ही १६३६ मध्ये उभारलेल्या चक्कीच्या स्मरणार्थ विसाव्या शतकात बांधलेली प्रतिकृती असून तिच्यावर आजही मका दळला जातो.

थँक्सगिव्हिंग

संग्रहालय साधारणपणे वसंतापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत खुले असते आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास तेथे मोठी गर्दी होते. संग्रहालय त्या निमित्ताने जेवणाचेही आयोजन करते. १६२१ च्या शरद ऋतूतील सुगीच्या मेजवानीचा समकालीन पुरावा तुटपुंजा आहे. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातील काही ओळींनुसार उसामेक्विन सुमारे ९० पुरुषांसह आला, त्यांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणे-पिणे चालले. त्या पत्रात ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द नाही. या प्रसंगाला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नाव १८४१ मध्ये एका संपादकाच्या तळटीपेतून मिळाले.

अनेक वाम्पानोआगांसाठी हा दिवस शोकाचा आहे. १९७० मध्ये अक्विना वाम्पानोआग नेते वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना मेफ्लॉवरच्या ३५० व्या वर्धापनसोहळ्यात भाषण करण्यास बोलावले होते. पण भाषणाचा मजकूर पाहून आयोजकांनी ते बदलण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. त्या वर्षीपासून प्लिमथच्या कोल्स हिलवर थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला जातो. तो आयोजित करणारी संघटना संग्रहालयापासून स्वतंत्र आहे. एकाच दिवशी शहरात एका बाजूला मेजवानी आणि दुसऱ्या बाजूला शोकसभा असते.

टीका

भूक, मृत्यू आणि घाण यांचे खरे रूप कोणत्याही जिवंत इतिहास संग्रहालयाला दाखवता येत नाही, ही सर्वसाधारण टीका येथेही लागू पडते. पहिला हिवाळा येथे फक्त आठवण म्हणून बोलण्यात येतो. याहून गंभीर आक्षेप दोन वस्त्यांच्या असमानतेविषयी आहे. इंग्लिश गाव मोठे, अनेक घरांचे आणि अधिक मनुष्यबळ असलेले. पटक्सेट वस्ती त्यामानाने लहान. २०२२ मध्ये वाम्पानोआग समाजातील काही सदस्यांनी, नाव बदलले तरी दोन्ही संस्कृतींना समान स्थान देण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, असे म्हणत मूलनिवासींनी संग्रहालयावर बहिष्कार टाकावा असे आवाहन केले. वस्तीत वाम्पानोआग कर्मचारी कमी उरले असून तिची देखभालही नीट होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संग्रहालयाने सुधारणांची कामे हाती घेतल्याचे उत्तर दिले.

मूळ वसाहतीचा शोध

संग्रहालयातील घरे दीर्घकाळ पत्रे, याद्या आणि इंग्लंडमधील समकालीन घरे यांच्या आधारे कल्पिलेली होती. १६२० च्या दशकातील वसाहतीचा भाग जमिनीत निःसंशयपणे सापडला नव्हता. २०१६ मध्ये मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन येथील पुरातत्त्वज्ञांना प्लिमथच्या बरिअल हिल या टेकडीच्या उतारावर खांबांचे खड्डे, खापरे आणि सतराव्या शतकातील वसाहतीची माती आढळली. उत्खननात वासराचा पुरलेला सांगाडाही मिळाला. वाम्पानोआग गुरे पाळत नसत, त्यामुळे ही जागा तटबंदीच्या आतील असल्याचे ठरवण्यास तो सांगाडा महत्त्वाचा ठरला. त्याच टेकडीवर, तटबंदीच्या रेषेबाहेर, दगडी हत्यारे आणि मूलनिवासींच्या मडक्यांचे तुकडे मिळाले. हे अवशेष इंग्लिश गावाच्या आधी तेथे असलेल्या वस्तीचे आहेत.